पुरातली गाडी, संपतचा जबडा

बायकोला हे ठाऊक नाही. दादाला तर नाहीच नाही. दारू प्यायल्यावर माझं तोंड सुटतं हे माझ्यासोबत बसलेला कुणीही सांगेल, पण ही एक गोष्ट मी तेव्हाही तोंडातून निसटू दिली नाही. आज लिहितोय ते तुम्हाला, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? सांगलीकडं राहत असाल आणि कधी सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर माझ्या गॅरेजात येऊन गेलाही असाल.

लोक रोज एकच विचारतात — मिस्त्री, नवी घेऊ की जुनी? भरवशाची कुठली? मी सांगतो, आणि सांगण्यात मी पटाईत. नवी गाडी म्हणजे न पारखलेला जावई, आत काय आहे ते वर्षानं कळणार. जुनीचं जे काही खोटं-खरं असतं ते आधीच बाहेर आलेलं असतं. पहिल्या मालकानं तिचे लाड केले की हाल, ते बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत दिसतं. इंजिनाचा आवाज ऐकायचा, ऑइलचं टोपण काढून आत बघायचं, टायर सारखे झिजलेत की एका बाजूनं ते बघायचं. नीट पारखून घेतलेली चार-पाच वर्षांची गाडी नव्या गाडीइतकीच इमानी असते, असं मी म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

सांगलीत घेताय तर अजून एक. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. पुसणारा अख्खी गाडी पुसतो, पट्टा मात्र जेवढा बाहेर दिसतो तेवढाच पुसतो. आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसला तर ती गाडी कृष्णेच्या पुरात उभी होती. ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. पाणी वायरींच्या जोडांत जाऊन बसतं. लगेच काही करत नाही. काही महिन्यांनी, त्याला वाटेल तेव्हा करतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही.

पण नुसतं एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. खोटं बोलून गाडी गळ्यात मारणारे ढिगानं आहेत. माझं त्याच्या पुढं गेलंय.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. आजोबांपर्यंत सगळी मेंढरंच, आता थोडी मेंढरं आणि जास्त करून डाळिंब. आमच्याकडं एक रीत आहे. जनावर घ्यायचं झालं की बाजारात दहा जण बोलतात, पण हात फिरवतो तो घरातला एकच माणूस. पाठीवरून, पोटाखालून हात फिरवतो, दात बघतो, खुरं बघतो. त्यानं मान हलवली की विषय मिटला. पुढं जनावर मेलं तरी हात फिरवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. राखणाऱ्याचं चुकलं म्हणतात. आमच्या घरात मेंढरांवर हात फिरवायचा दादा, आणि गाड्यांवर मी. ही रीत नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढं तिच्याआड लपलो.

दादानं गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा वहिनीला नवी हवी होती. सुमनवहिनी म्हणजे दादाची बायको. डाळिंबावर स्वतः फवारणी मारणारी, कुणाला न भिणारी. त्यांची मुलगी अश्विनी वाईला शिकायला होती. तिला भेटून येताना दोघं साताऱ्याच्या शोरूममध्ये जाऊन गाडी बघूनही आले होते. मी आटपाडीला गेलो, ओसरीवर चार पाहुणे बसलेले, आणि मी माझं जुनी गाडी कशी चांगली ते पुराण लावलं. वहिनी चहा देता देता म्हणाली, "जुनी म्हंजी कुणाची तरी हौस फिटल्याली. आणि भावजी, तुमी मोडकं नीट करता म्हणून सगळ्यांनी मोडकंच घ्यावं व्हय?"

सगळे हसले. दादाही हसला. थट्टाच होती, दीर-भावजयीत चालायचीच. पण मला ते झोंबलं. का झोंबावं? आजही नीट सांगता येत नाही. मी हातातली कपबशी समोरच्या भिंतीवर फेकली. चहाचा ओघळ भिंतीवरून खाली आला, बशीचा एक तुकडा वहिनीच्या पायाला लागला. माझा हात असाच आहे, आधी चालतो, मग मला कळतं. निदान मी लोकांना असं सांगत आलो. दादा म्हणाला, "बरं बाबा हणमा, तू हात फिरवशील तीच घेऊ." वहिनीनं पायाचं रक्त पदरानं पुसलं आणि तुकडे गोळा केले. त्यानंतर तिनं नव्या गाडीचं नाव काढलं नाही.

आता मला गाडी दाखवायची होती, आणि अशी दाखवायची होती की वहिनीनं तोंडात बोट घालावं. माझ्या गॅरेजात एक होती. पांढरी, ऐटदार, फार न फिरलेली. सीटच्या वरपर्यंत पुरात बुडालेली. तिचा मालक ती बघायलासुद्धा तयार नव्हता. मी तीन आठवडे तिच्याशी झुंजलो होतो. सगळी सीटं बाहेर काढली, गालिचे सोलून काढले, गाळ खरवडला, प्रत्येक जोड उघडून वाळवला. म्हणजे जितके हाताला आले तितके. ज्या दिवशी ती पहिल्याच चावीला चालू झाली त्या दिवशी मी गॅरेजात एकटाच ओरडलो होतो. मला खरंच वाटलं, मी पाण्याला हरवलं. दादाला ती दिली त्या व्यवहारात मी वरचं कमिशन घेतलं नाही. ही गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो, जणू त्यानं काही हलकं होतं.

फक्त एक दिवा. समोरच्या काट्यांजवळ एअरबॅगचा लाल दिवा विझेना. तो दिवा लागून राहिला याचा अर्थ धडकेत हवेची पिशवी फुगणार नाही. मी दोन दिवस खटपट केली. मग काय केलं? दिवाच काढून टाकला. आणि सीटचे पट्टे नवे बसवले. पट्ट्यावरून गाडी कशी ओळखायची हे सगळ्यांना मीच शिकवलं होतं ना.

दादा गाडी न्यायला सांगलीला आला. आत बसला, दार ओढून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला. "गाळाचा वास येतोय रं," तो म्हणाला. मग तो हसला. "नदीचा वास. लय चांगला हाय. आपल्याकडं कुठं मिळतोय असला?" आमच्या कोरड्या मुलखात तो वास शुभच धरतील, कुणाला त्याचं भय वाटणार? सांगलीतला कुठलाही माणूस तो वास आल्याबरोबर गाडीतून उतरला असता. माझा भाऊ आणखी टेकून बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली.

गाडी चालवायला माणूसही मीच दिला. संपत, माधवनगरचा. चाळिशीचा, वीस वर्षं ट्रक मारलेला, हात स्थिर, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. दादाला तो आवडला. वहिनी त्याला आपल्या घरातल्यासारखं जेवायला वाढायची.

पाच-सहा महिने गाडी झकास चालली. मी मिशीत हसत होतो. मग एक दिवस संपत गॅरेजला आला. गिऱ्हाइकं बसलेली होती, तो बाजूला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, गाडी दोनदा मधीच मेली. एकदा भिवघाटात, उतारावर. ब्रेक दगड झाला, स्टेरिंग फिरंना. परत चावी मारली तवा चालू झाली. एकदा उघडून बघा की."

मला कळलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. आणि मी काय केलं? त्याची कॉलर धरली आणि त्याला उभ्या असलेल्या एका जीपच्या बॉनेटवर आदळलं. "गाडी चालवता येत न्हाई आणि गाडीला नावं ठेवतोस? ती माझ्या हातातनं गेलेली हाय." गिऱ्हाइकं बघत होती. त्यांच्यादेखत बोललो म्हणून अजून जोर चढला. कॉलर सोडताना खालच्या आवाजात म्हणालो, "दादाला बोलू नगंस. सवडीनं बघतो मी."

त्यानं शर्ट नीट केला. "बरं," म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला, दादाला बोलला नाही. ती सवड मात्र मला झाली नाही. होणार कशी? जोड उघडले की हिरवा गंज दिसणार, गंज दिसला की पूर कबूल करावा लागणार, आणि समोर वहिनी. माझ्या डोक्यात एवढंच होतं की वहिनी हसेल.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते सगळे वाईला गेले, अश्विनीला भेटायला. नदीच्या घाटावर जेवले. वहिनीनं पाचगणी बघितलेली नव्हती म्हणून वर गेले. दुपारी पसरणीच्या घाटानं खाली येताना गाडी बंद पडली. हे मला अश्विनीनं सांगितलं, ती मागच्या सीटवर दादाच्या शेजारी होती. आवाज एकदम थांबला, म्हणाली. संपत दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. त्यानं दात आवळून स्टेरिंग डोंगराकडं ओढलं. गाडीची डावी बाजू खडकावर आपटली, घासत गेली, परत आपटली. डाव्या बाजूला पुढं वहिनी बसली होती. तिच्या पुढ्यातली पिशवी फुगली नाही. नव्या पट्ट्यानं तिला धरून ठेवलं होतं आणि समोरचा पत्रा आत आला. अश्विनीनं सांगताना एवढंच म्हटलं की आईचा आवाज आला नाही, फक्त पत्र्याचा आला.

मी मोटारसायकलवरून साताऱ्याला पोहोचलो तेव्हा वहिनी गेलेली होती. दवाखान्याच्या आवारात आमच्याकडची पंधरा-वीस माणसं जमली होती. दादा बाकावर, गळ्यात हात बांधलेला, खांद्याचं हाड मोडलेलं. संपत पायरीवर. त्याच्या कपाळाला टाके होते, शर्टावर रक्त होतं. त्याचं नसावं बहुतेक. मला बघून तो उठला. दादाच्या समोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

"दादा, गाडी मधीच बंद पडली वं. मी मिस्त्रींना—"

माझ्या हातात हेल्मेट होतं. मी ते त्याच्या तोंडावर मारलं.

तो खाली बसला. मी परत मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला हातात जाणवला, कानाच्या आधी हातात. तो काहीतरी बोलायला बघत होता. जबडा एका बाजूला लोंबत होता, आणि तरी बोलायला बघत होता. मी तिसऱ्यांदा मारलं. मग बाकीचे धावले. सोडवायला नाही, मारायला. मी ओरडत होतो, "झोप लागली ह्याला. स्वतःची बाजू वाचवली आणि वहिनीची दगडावर घातली." लाथा पडत होत्या. कुणाची चप्पल, कुणाचा पट्टा. त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि त्याच्या तोंडातून दातांसकट रक्त पायरीवर पडत होतं. दवाखान्यातल्या माणसांनी त्याला ओढून आत नेलं तेव्हा माझं हेल्मेट फुटलेलं होतं.

दादानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "माझ्यासाठी केलंस रं," म्हणाला आणि रडला.

सगळ्यांना हे माहीत आहे. आमच्याकडं अजून सांगतात — हणमंतानं भावजयीसाठी ड्रायव्हर फोडला. लग्नाकार्यात लोक माझ्या पाठीवर हात ठेवतात. रागाच्या भरात मारलं, माणूस आहे, भावकीचं प्रेम आहे, असं म्हणतात. मीही असंच म्हणत आलो.

मी रागाच्या भरात मारलं नाही.

हेच सांगायला इतका फिरून आलो. रागावलेला माणूस कुठंही मारतो, पाठीत, पोटात, जिथं लागेल तिथं. मी तिन्ही वेळा तोंडावर मारलं. तो 'मिस्त्रींना' म्हणाला, पुढचा शब्द 'सांगितलं हुतं' असणार होता, आणि दादा तीन हात अंतरावर बसला होता. मी त्या शब्दावर मारलं. पहिल्या फटक्यानंतर तो बोलू शकतो का ते मी बघितलं. बघितलं, आणि मग दुसरा मारला. माझं डोकं थंड होतं. त्या आवारात एवढं थंड डोकं दुसऱ्या कुणाचं नसेल. कपबशी फेकली तेव्हा हात आधी चालला होता असं मानू हवं तर. या वेळी हाताच्या पुढं मी होतो.

त्याचा जबडा तारेनं बांधला. दीड महिना तो नळीनं पेज प्यायला. तेवढा वेळ मला पुरला. गाडी तपासायला आरटीओचा माणूस आला तेव्हा मी तिथं उभा राहिलो आणि म्हणालो, ब्रेक बघा, टायर बघा. दोन्ही ठीकच होते, इंजिन मेल्यावर ब्रेक दगड होतो ते उभ्या गाडीत कुठं दिसणार? त्याच दिवशी, तो माणूस गेल्यावर, मी समोरच्या पत्र्याखाली हात घालून फ्यूजचा डबा काढून घेतला. आत बोटभर हिरवा गंज होता आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ. तो डबा मी हातोड्यानं चेचला, दगडावर ठेवून, पार भुगा होईपर्यंत. संपतचा जबडा सुटेपर्यंत आटपाडीपासून सांगलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की त्याला डुलकी लागली. गाडीवर हणमंतानं हात फिरवलेला होता. मग चूक राखणाऱ्याचीच, नाही का?

तो एकदा आटपाडीला गेला, दादाला सांगायला. हे मला दादानंच फोनवर सांगितलं. "आला हुता त्यो. तुझं नाव घेत हुता. म्हणं, मिस्त्रीला म्हाईत हुतं. भावकीनं परत हाणला, रस्त्यापत्तुर हाणत नेला."

फोन माझ्या कानाला होता. दादा माझ्या बोलण्याची वाट बघत होता. एवढं सोपं होतं — एक वाक्य, बसल्या जागी. मी म्हणालो, "बरं केलं."

संपतला पुन्हा कुणी स्टेरिंग दिलं नाही. वीस वर्षं ट्रक मारलेला माणूस आता माधवनगरला एका यंत्रमागाच्या शेडवर कापडाच्या गाठी उचलतो. त्यानं ओढलं नसतं तर गाडी दरीत गेली असती, दादा आणि अश्विनीही गेले असते. हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे, मी धंदाच तो करतो. ब्रेकशिवाय, जड झालेल्या स्टेरिंगवर, तेवढ्या वळणात गाडी डोंगराला लावणं मला जमलं नसतं.

या वर्षी मला एका कामासाठी माधवनगरला जावं लागलं. भर सकाळ. चहाच्या गाड्यावर चार माणसं उभी होती, त्यात तो. गाल एका बाजूनं आत गेलेला, हनुवटी वाकडी. हातात चहाचा ग्लास. त्यानं मान वर केली आणि मी दिसलो.

शिवी दिली नाही, पुढं आला नाही, पळालाही नाही. त्याचा मोकळा हात आपोआप वर गेला आणि त्यानं पंजा तोंडावर दाबून धरला. अख्खा पंजा, नाकाखालपासून हनुवटीपर्यंत. दुसऱ्या हातातला चहा कपड्यांवर सांडत होता, त्याचं त्याला भान नव्हतं. शेजारचा माणूस विचारत होता, "काय रं, दात दुखतोय काय?" तो माझ्याकडं बघत राहिला आणि हात काढेना.

मी तिथून निघालो तोवर त्यानं हात खाली घेतला नव्हता. दादा आजही लोकांना सांगतो, माझ्या भावानं माझ्यासाठी हात उचलला.